टॉम टांगायचा कशाला? ड्रमसेटच्या हार्डवेअरची पार्श्वभूमी

पायाने वाजवायच्या मोठ्या बास ड्रमच्या वर बसणाऱ्या टॉमला, म्हणजे काठीने वाजवायच्या छोट्या ड्रमला, स्वतःचे पाय नसतात. तो कशाला तरी टांगावा लागतो आणि त्यासाठी वेळोवेळी जे उपाय निघाले, त्यांतच ड्रमसेटच्या हार्डवेअरचा, म्हणजे स्टँड, होल्डर, ब्रॅकेट यांचा, बराचसा इतिहास सामावलेला आहे. 1920च्या दशकात बास ड्रमभोवती बसवलेल्या चौकटीवर आणि ट्रेवर वुडब्लॉक, काउबेल, चिनी टॉम असे सगळेच मांडलेले असे. 1930च्या दशकात दोन्ही बाजूंची कातडी चावीने ताणता येणारे टॉम आले, स्विंग बँडांनी ते उचलून धरले आणि टॉमसाठी बास ड्रमच्या शेलवरच, म्हणजे त्याच्या पोकळ नळकांड्यावरच, पट्टी किंवा ब्रॅकेट स्क्रूने बसवण्याची पद्धत रूढ झाली. झांजेचा दांडाही पुष्कळदा त्याच शेलवर चढवला जाई.

1950 आणि 60च्या दशकांतले हे साहित्य नाजूक होते, पण हलके होते आणि एका माणसाला उचलून नेता येत असे. रॉकचा आवाज अॅम्प्लिफायरमुळे वाढला, वादक जोराने वाजवू लागले आणि 1970च्या दशकात दुहेरी पट्ट्यांचे तिपाई स्टँड, आडव्या दांड्याचे बूम स्टँड आणि जाड नळ्यांचे होल्डर आले. बास ड्रमला वरून भोक पाडून त्यात नळी उतरवायची आणि तिच्यावर दोन टॉम बसवायचे, ही रचना इतकी सर्रास झाली की काही कंपन्यांच्या मांडणीत टॉमच्या पोटातही तशीच नळी शिरत असे. त्याच दशकात मेमरी लॉक आले. नळीवर आवळलेली ही छोटी कडी खालच्या खाचेत बसते, त्यामुळे प्रत्येक कार्यक्रमाला टॉमचा कोन नव्याने शोधावा लागत नाही. ध्वनीवरच्या सगळ्या वादांपेक्षा या कडीने वादकांचे जास्त भले केले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

याच काळाच्या शेवटी ‘रिम्स’ हा शब्द आला आणि त्याने आजतागायत गोंधळ घातला आहे. ‘रिम’ म्हणजे ड्रमची धातूची कडा, हे वाजवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. ‘रिम्स’ मात्र त्या शब्दाचे अनेकवचन नव्हे. ‘रेझोनन्स आयसोलेशन माउंटिंग सिस्टिम’ या नावाच्या आद्याक्षरांतून तो बनला. 1980च्या सुमारास अमेरिकेत आलेल्या या रचनेत टॉमच्या काही भागाभोवती धातूची वक्र पट्टी असते, कातडे ताणणारे रॉड त्या पट्टीतील रबरी बुचांतून जातात आणि होल्डर शेलला न लागता पट्टीला जोडला जातो. ड्रम अशा रीतीने आपल्याच ताणाच्या रॉडांवर टांगलेला राहतो. पुढे इतर कंपन्यांनी आपापल्या तऱ्हेच्या पट्ट्या काढल्या, त्या सगळ्यांनाच बोलीत ‘रिम्स’ म्हटले जाऊ लागले आणि आद्याक्षरे विसरली गेल्यामुळे हे कडेला धरणारे क्लॅम्प असावेत, असा समज पसरला.

होल्डर शेलला जोडला की टॉमचा नाद लवकर विझतो, हा ‘रिम्स’मागचा मूळ दावा घरीही तपासता येतो. टॉम कडेखाली दोन बोटांनी अलगद धरून एक ठोका मारावा, मग तोच टॉम नळीच्या होल्डरवर बसवून तसाच ठोका मारावा. दुसऱ्या वेळी नाद लवकर विझतो, कारण शेलची काही ऊर्जा होल्डरमधून बास ड्रममध्ये उतरते. दावा खरा आहे. मात्र ज्या दशकात हा नाद हरवत असल्याची तक्रार वाढली, त्याच दशकात स्टुडिओंमध्ये टॉमवर चिकटपट्ट्या लावून आणि खालचे कातडे काढून तोच नाद मुद्दाम दाबला जात होता, ही विसंगती जाहिरातींत कधी दिसली नाही. शिवाय पट्टीने वजन वाढते, जोराच्या ठोक्याला टॉम डोलतो आणि कातडे बदलताना ती आड येते. म्हणूनच 1990च्या दशकात एका जपानी कंपनीने पट्टी टाळून, शेल जिथे सर्वांत कमी थरथरते तिथेच छोटा ब्रॅकेट बसवण्याचा मार्ग धरला. प्रस्तुत लेखकाला तोच अधिक सुटसुटीत वाटतो.

दरम्यान 1983मध्ये रॅक, म्हणजे ड्रम टांगायची नळ्यांची स्वतंत्र चौकट, बाजारात आला. लॉस एंजेलिसच्या एका स्टुडिओ वादकासाठी घडवलेल्या चौकटीवरून तो बेतलेला होता आणि त्याने टॉमचा भार बास ड्रमवरून पूर्णपणे काढून घेतला. वादकांनी रॅक पुढे बराचसा सोडून दिला, कारण तो वाहून न्यायला जड आणि जुळवायला वेळखाऊ होता. इलेक्ट्रॉनिक ड्रमसेटमध्ये मात्र तो टिकला, कारण तिथे पॅड हलके असतात आणि वायरी नळीलगत बांधून नेता येतात. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांमध्ये ऑक्टोपॅड एकाच स्टँडवर भागतो, त्यामुळे या चौकटीची गरज अनेकांना कधी पडलीच नाही.

अलीकडचा कल उलट दिशेने आहे. बास ड्रमला भोकच नको, या आग्रहाला ‘व्हर्जिन बास’ असे काहीसे विचित्र नाव आहे. एकुलता टॉम झांजेच्या स्टँडला क्लॅम्पने लावला जातो किंवा सरळ स्नेअरच्या (वादकासमोरच्या चपट्या ड्रमच्या) स्टँडवर ठेवला जातो, आणि सपाट पायांचे हलके स्टँड 1960च्या वळणावर पुन्हा निघाले आहेत. जुन्या सेटच्या बास ड्रमला नंतर कुणी भोके पाडली असतील, तर संग्राहक त्याची किंमत उतरवतात. होल्डरच्या दांड्यांचे माप मात्र अजूनही एक झालेले नाही: 9.5, 10.5 आणि 12.7 मिलिमीटर अशी तिन्ही मापे बाजारात आहेत आणि एका कंपनीचा टॉम दुसऱ्या कंपनीच्या होल्डरवर बसेलच, याची खात्री मोजपट्टी घेऊन मोजल्याशिवाय देता येत नाही.