घड्याळाने दिलेल्या कॅलरी खाऊ नका

तासभर चालून आलं की मनगटावरचं घड्याळ सांगतं, २४५ कॅलरी जळल्या. घड्याळ फोनमधल्या आहाराच्या अ‍ॅपला जोडलेलं असेल तर अ‍ॅप तेवढ्या कॅलरी लगेच आजच्या मर्यादेत वाढवून देतं. मग रात्री एक पोळी आणि थोडा भात जास्त घेतला जातो. मनापासून वजन उतरवू पाहणाऱ्या कितीतरी लोकांचं गणित माझ्या मते इथेच फसतं, आणि त्यात त्यांच्या निश्चयाचा काही दोष नसतो.

घड्याळ कॅलरी मोजत नाही. ते हाताची हालचाल टिपतं आणि त्याच्या पाठीमागचा हिरवा दिवा त्वचेत प्रकाश सोडतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याबरोबर मनगटातलं रक्त कमीजास्त होतं, तसा परत येणारा प्रकाशही बदलतो आणि त्यावरून नाडी कळते. पुढे ही नाडी, वय, वजन, उंची एका सूत्रात घालून कॅलरींचा अंदाज बांधला जातो. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली ६० जणांवर अशी ७ यंत्रं तपासली. त्यांपैकी ६ यंत्रांची नाडीतली चूक ५ टक्क्यांच्या आत होती. कॅलरींच्या बाबतीत मात्र सगळ्यांत चांगलं यंत्रही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं, आणि सगळ्यांत वाईट ९३ टक्क्यांनी. त्यानंतर यंत्रं सुधारली, पण मूळ अडचण राहतेच: कडक चहा, ऊन, ऑफिसातला ताण यांनीही नाडी वाढते, आणि तेव्हा स्नायू काही जास्त काम करत नसतात.

अंदाज अगदी बरोबर निघाला तरी एक मेख आहे. ७० किलोचा माणूस ताशी ५ किलोमीटरच्या वेगाने तासभर चालला तर साधारण २४५ कॅलरी खर्च होतात. पण तो तास तो खुर्चीत बसून राहिला असता तरी सुमारे ७० कॅलरी जळल्याच असत्या. त्या अ‍ॅपने दिवसाच्या मर्यादेत आधीच धरलेल्या असतात. चालण्याची खरी भर १७५ची. बऱ्याच घड्याळांत ‘टोटल’ आणि ‘अ‍ॅक्टिव्ह’ असे दोन आकडे वेगळे दिसतात. हाताने नोंद करताना पहिला आकडा टाकला की तेच ७० दोनदा मोजले जातात.

आता ताटाकडे बघू. ३० ग्रॅम कणकेची पोळी म्हणजे जेमतेम १०० कॅलरी. घडीत लावलेलं तेल आणि वरून सोडलेलं तूप मिळून चहाचा एक चमचा, म्हणजे ५ ग्रॅम, धरलं तर त्याच्याच ४५. अ‍ॅपमध्ये मात्र नुसतं ‘चपाती, १ नग’ निवडलं जातं. साबुदाण्याच्या खिचडीतलं दाण्याचं कूट, भाजीची फोडणी, मिसळीवरचा तर्रीचा थर, सगळं अंदाजपंचे. आणि ‘१ वाटी’ म्हणजे कोणाच्या घरची वाटी?

ही चूक किती मोठी असू शकते हे १९९२ साली न्यूयॉर्कमधल्या एका अभ्यासात दिसलं. कमी खाऊनही वजन उतरत नाही असं सांगणाऱ्या लोकांना हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे जड अणू असलेलं पाणी पाजलं. ते अणू किती वेगाने शरीराबाहेर पडतात हे लघवीच्या नमुन्यांवरून मोजलं की शरीराचा खरा खर्च कळतो. या लोकांनी आपलं खाणं सरासरी ४७ टक्के कमी नोंदवलं होतं आणि हालचाल ५१ टक्के जास्त. त्यांना लबाड म्हणणं मला पटत नाही. तेल डोळ्यांनी मोजता येत नाही, इतकंच.

वजन उतरवायला रोजची तूट साधारण ५०० कॅलरींची ठेवतात. दोन्हीकडचे आकडे शे-दोनशेने हलले तर ती तूट कागदावरच राहते. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या प्रयोगात ४७१ तरुणांना आहार आणि व्यायामाचं सारखंच मार्गदर्शन दिलं होतं. सहा महिन्यांनंतर त्यातल्या निम्म्यांना हालचाल आणि कॅलरी दाखवणारं, दंडावर बांधायचं यंत्र दिलं. दोन वर्षांनी यंत्रवाल्यांचं वजन सरासरी ३.५ किलोने उतरलेलं होतं, बाकीच्यांचं ५.९ किलोने.

म्हणून घड्याळ काढून ठेवा असं मी म्हणणार नाही. पावलं ते बऱ्यापैकी मोजतं, आणि गेल्या महिन्यापेक्षा आपण जास्त चालतोय का, हे त्यावरून नीट कळतं. (१०,००० पावलांचं दडपण मात्र नको. तो आकडा १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून रूढ झाला.) अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन व्यायामाच्या कॅलरी मर्यादेत मिळवणं बंद करा. घरातली एकच वाटी आणि एकच चमचा ठरवा, आणि तेल भांड्यात ओतण्याआधी त्या चमच्याने मोजा. सकाळी पोट साफ झाल्यावर वजन करा आणि आठवड्याची सरासरी काढा, कारण खारट जेवणाने किंवा जास्त भाताने अंगात पाणी धरलं जातं आणि काटा एका रात्रीत किलोभरही वर जातो. तीन-चार आठवडे सरासरी हललीच नाही, तर अ‍ॅप काहीही म्हणो, खाणं थोडं कमी करायला हवं.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर हे डॉक्टरांशी बोलूनच करा. आणि आकडा ओलांडला म्हणून घासागणिक अपराधी वाटायला लागलं, जेवण टाळावंसं वाटू लागलं, तर मोजणं त्याच दिवशी थांबवा आणि डॉक्टरांना तसं सांगा.