सेव्ह बॅटरी बदलणे (जुने गेम कन्सोल)

फ्लॅश मेमरी स्वस्त होण्यापूर्वीच्या व्हिडिओ गेममध्ये खेळाडूची प्रगती, म्हणजे 'सेव्ह', बहुधा एसरॅम या प्रकारच्या स्मृतीत साठवली जाई. वीज तुटली की ही स्मृती कोरी होते. म्हणून कन्सोल बंद असताना ३ व्होल्टचा एक बटन सेल तिला वीज पुरवत राहतो. तो उतरला की सेव्ह गेले. सेल स्वस्त असतो आणि सहज मिळतो, गेलेले सेव्ह मात्र परत येत नाहीत; त्यामुळे या कामात हातोटीपेक्षा क्रमाला महत्त्व आहे.

'द लेजंड ऑफ झेल्डा' जपानमध्ये १९८६ साली चुंबकीय डिस्कवर निघाला. १९८७ मध्ये अमेरिकेत तो कार्ट्रिजवर (कन्सोलमध्ये खोचायच्या गेमच्या डबीत) आला तेव्हा सेव्ह राखण्यासाठी आत सेल बसवावा लागला. खेळ थांबवताना रीसेटचे बटन दाबून ठेवूनच पॉवर बंद करा, अशी सूचना त्यात होती. व्होल्टेज उतरत असताना प्रोसेसर भरकटून स्मृतीत भलतेच काही लिहू शकतो. रीसेट दाबलेले असेल तर तो गप्प राहतो.

सेगा सॅटर्न (१९९४) या कन्सोलची स्वतःची ३२ किलोबाइट स्मृती सीआर२०३२ सेलवर टिकते. संगणकाच्या मदरबोर्डवर असतो तोच हा सेल. कन्सोलच्या मागचे छोटे झाकण उघडले की तो हाताशी येतो, स्क्रू काढावा लागत नाही. घड्याळही त्याच्यावरच चालत असल्याने तो लवकर उतरतो. कन्सोल सुरू करताना दर वेळी भाषा आणि तारीख-वेळ विचारू लागला की सेल संपला असे समजावे. सेल उतरण्याआधीच बदलायचा असेल, तर कन्सोल चालू ठेवून बदलावा. तेवढ्यापुरती स्मृतीला मुख्य वीज मिळते आणि सेव्ह वाचतात. मात्र या वेळी फक्त मागचे झाकण उघडावे. मुख्य विजेचा पॉवर सप्लाय कन्सोलच्या पोटातच असतो, त्यामुळे चालू कन्सोलचे कव्हर खोलणे जिवावर बेतू शकते.

कार्ट्रिजचे काम जास्त किचकट. निन्टेंडोच्या कार्ट्रिजांचे स्क्रू उघडायला बहुधा ३.८ मिलिमीटरचा खास स्क्रूड्रायव्हर बिट लागतो. सेलवर धातूच्या पट्ट्या वेल्ड केलेल्या असतात आणि त्या सर्किट बोर्डला सोल्डर केलेल्या असतात. आधी कार्ट्रिज वाचणाऱ्या उपकरणाने सेव्हची प्रत संगणकावर उतरवून घ्यावी. जुना सेल निघाला की स्मृती पुसली गेलीच असे धरून चालावे. नवा सेल पट्ट्यांसकटच विकत घ्यावा. नुसत्या सेलवर सोल्डरिंग आयर्न टेकवले तर तो तापून फुटू शकतो, आणि चिकटपट्टीने दाबून बसवलेला सेल एखाद्या धक्क्याने सुटून सगळे सेव्ह घेऊन जातो. अधिक-उणे बाजू बोर्डवरच्या खुणांशी ताडून पाहाव्यात.

सेगाच्याच ड्रीमकास्ट (१९९८) या कन्सोलमध्ये फसगत होऊ शकते. आतला एमएल२०३२ सेल दिसायला अगदी सीआर२०३२ सारखा, पण तो चार्ज होणारा असतो आणि घड्याळासाठी असतो. सेव्ह वेगळ्या मेमरी कार्डात राहतात. एमएल२०३२च्या जागी साधा सीआर२०३२ बसवल्यास कन्सोल तोही चार्ज करू पाहतो, आणि असा सेल गळतो किंवा फुटतो.

काही जण एसरॅम काढून तिच्या जागी विजेविना माहिती धरून ठेवणारी एफरॅम चिप बसवतात. सेव्हची चिंता त्याने मिटते. सॅटर्नच्या घड्याळाला मात्र सेल लागतोच.