इजा आणि जीनोममधील प्राचीन विषाणूंचा डीएनए

भाजणे, कापणे, रक्तस्राव, तीव्र ऊन किंवा पेशी मारणारी औषधे यांमुळे शरीराला इजा झाली, की जीनोममध्ये, म्हणजे पेशीतल्या एकूण डीएनएमध्ये, एरवी दाबून ठेवलेल्या प्राचीन विषाणूंच्या डीएनएपासून आरएनए बनू लागतो. शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा या आरएनएला बाहेरून आलेल्या संसर्गासारखाच प्रतिसाद देते. या प्रतिसादाने कधी ऊतींची दुरुस्ती सुरू होते, तर कधी दाह वाढून नुकसान होते. इथे जुना विषाणू ‘जिवंत’ होत नाही. माणसात आजवर अशा डीएनएची एकही संसर्गक्षम प्रत सापडलेली नाही, हे सुरुवातीलाच लक्षात घेतले पाहिजे, कारण या विषयावरच्या लोकप्रिय लिखाणात नेमका हाच गोंधळ सर्वाधिक होतो.

या डीएनएला अंतर्जात रेट्रोव्हायरस म्हणतात. रेट्रोव्हायरस हा आरएनएचा विषाणू. पेशीत शिरल्यावर तो रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज या विकराच्या साहाय्याने आपल्या आरएनएवरून डीएनए तयार करतो आणि तो पेशीच्या गुणसूत्रात जोडून टाकतो. हे विकर १९७० मध्ये हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे शोधले. १९७५ च्या नोबेल पारितोषिकाचे ते मानकरी ठरले. एचआयव्ही याच कुळातला. सहसा असा संसर्ग त्या व्यक्तीबरोबर संपतो. पण विषाणू बीजांडात किंवा शुक्राणू घडवणाऱ्या पेशीत शिरला, तर तो पुढच्या पिढीच्या प्रत्येक पेशीत उतरतो. ऑस्ट्रेलियातील कोआला या प्राण्यात ही प्रक्रिया आजही चालू आहे. आपल्या पूर्वजांत ती कोट्यवधी वर्षांच्या काळात पुनःपुन्हा घडली. २००१ मध्ये मानवी जीनोमचा आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याचा सुमारे ८ टक्के भाग अशा विषाणूंचा असल्याचे दिसले. प्रथिनांची माहिती असलेला भाग जेमतेम दीड-दोन टक्के आहे, हे पाहता या वाट्याचा मोठेपणा कळतो.

पूर्ण प्रतीत गॅग, पोल आणि एन्व्ह अशी तीन मुख्य जनुके असतात आणि दोन्ही टोकांना एलटीआर नावाचा एकसारखा क्रम असतो. काळाच्या ओघात झालेल्या बिघाडांमुळे बहुतेक प्रती मोडल्या. पुष्कळ ठिकाणी तर फक्त एक एलटीआर उरला आहे. पॅरिसजवळील तिएरी हाइडमान यांच्या गटाने २००६ मध्ये एचईआरव्ही-के या मानवी अंतर्जात रेट्रोव्हायरसांच्या कुळातल्या अनेक मोडक्या प्रती ताडून मूळ क्रम प्रयोगशाळेत जुळवला. तो संसर्ग करू शकला, आणि त्याला ‘फिनिक्स’ असे नाव दिले गेले. शरीरात मात्र असे जुळून येत नाही.

मोडक्या असल्या तरी या प्रती निरुपद्रवी नाहीत, म्हणून पेशी त्यांच्यावर कडक पहारा ठेवते. डीएनएवर मिथिल गट बसवणे हा त्याचा एक मार्ग. दुसरा मार्ग जस्तयुक्त प्रथिनांचा : ती विषाणूचा क्रम ओळखून त्याला चिकटतात, ट्रिम-२८ या प्रथिनाला बोलावतात आणि त्या जागचे क्रोमॅटिन, म्हणजे डीएनए आणि त्याला धरून ठेवणारी प्रथिने, घट्ट गुंडाळले जाते. इजेनंतर हा बंदोबस्त सैल होतो. त्याच वेळी जखमी ऊतीत एनएफ-कॅपा-बी यांसारखी संकटकाळी जागी होणारी प्रथिने सक्रिय होतात, आणि त्यांना चिकटायला लागणाऱ्या जागा कित्येक एलटीआरमध्ये आयत्याच असतात. उंदरातील स्तनग्रंथीच्या अर्बुदाचा रेट्रोव्हायरस हे याचे फार जुने उदाहरण. त्याचा एलटीआर ग्लुकोकॉर्टिकॉइड संप्रेरकांनी, म्हणजे ताणाच्या वेळी अधिवृक्क ग्रंथीतून सुटणाऱ्या संप्रेरकांनी चालू होतो. यजमान संकटात सापडला की आपल्या प्रती वाढवून निसटावे, हा विषाणूचा मूळचा स्वार्थ. त्याची खूण या क्रमांत अजून शिल्लक आहे.

इजेला जीनोम स्वतः प्रतिसाद देतो ही कल्पना बार्बरा मॅक्लिंटॉक यांची. मक्याची गुणसूत्रे तुटल्यावर जागा बदलणारे घटक सक्रिय होतात, हे त्यांनी कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे १९४० च्या दशकात पाहिले. १९८३ च्या नोबेल व्याख्यानात त्यांनी जीनोमला बसणारे धक्के आणि त्यांना मिळणारी उत्तरे हाच विषय घेतला. मक्यातले ते घटक रेट्रोव्हायरस नव्हते, तरी पुढच्या संशोधनाची दिशा तिथूनच ठरली.

भाजण्याच्या इजेवर सर्वांत चिकाटीने काम केले ते कॅलिफोर्नियातील कीहो चो आणि भाजलेल्या रुग्णांवर उपचार करणारे शल्यविशारद डेव्हिड ग्रीनहाल्घ यांनी. २००३ मध्ये त्यांनी दाखवले, की इजा झालेल्या उंदरांच्या यकृतात दोन सदोष रेट्रोव्हायरसांचा आरएनए वाढतो. इजा एकीकडे आणि बदल दूरच्या अवयवात, ही बाब महत्त्वाची आहे. मोठ्या भाजण्यात रुग्ण बहुतेकदा दगावतो तो त्वचेच्या जखमेने नव्हे, तर सर्व शरीरभर पसरणाऱ्या दाहाने आणि जंतुसंसर्गाने. २०१४ मध्ये याच गटाने भाजलेल्या माणसांत या घटकांची सक्रियता रुग्णागणिक आणि काळागणिक बदलते, असे नोंदवले. सारख्याच भाजलेल्या दोन रुग्णांपैकी एक सावरतो आणि दुसरा खालावतो, यामागे हेही एक कारण असू शकते, आणि त्यासाठी तरी या कामाकडे अधिक लक्ष जायला हवे होते. अतिनील किरणांनी मानवी त्वचेच्या केराटिनोसाइट पेशींत अशाच क्रमांचे प्रतिलेखन, म्हणजे त्यांच्यापासून आरएनए बनणे, वाढते, हे १९९९ पासून माहीत आहे.

आरएनए वाढतो एवढ्याने काही सिद्ध होत नाही. त्याने पुढे काय घडते हे पाहावे लागते. त्याचा सर्वांत स्वच्छ पुरावा रक्तातून मिळाला. अमेरिकेतील शॉन मॉरिसन यांच्या गटाने २०२४ मध्ये रक्तस्राव आणि गर्भधारणा या दोन स्थिती तपासल्या. दोन्हींत शरीराला तांबड्या पेशी झपाट्याने वाढवाव्या लागतात. अशा वेळी रक्त घडवणाऱ्या मूलपेशींत अंतर्जात रेट्रोव्हायरस आणि ‘लाइन’ नावाचे त्यांचे भाऊबंद यांच्यावरचा दाब उठतो. त्यांच्या आरएनएवरून बनलेल्या डीएनएमुळे सीजीएएस आणि स्टिंग ही पहारेकरी प्रथिने जागी होतात. एरवी पेशीद्रवात डीएनए सापडला की विषाणू आला असे समजून इशारा देणे, हे त्यांचे काम. त्यांच्या इशाऱ्यावर इंटरफेरॉन हे विषाणूविरोधी संदेश देणारे प्रथिन सुटते, आणि ते मूलपेशींना विभाजनाला लावते. ज्या उंदरांत ही पहारेकरी प्रथिनेच नव्हती, त्यांच्यात गर्भारपणातली ही वाढ जवळपास झाली नाही. रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज रोखणारी औषधे दिल्यावरही तेच झाले. म्हणजे रक्त भरून काढण्याची हाक, निदान काही अंशी, विषाणूच्या अवशेषांकडून येते. ही औषधे एचआयव्हीबाधित गरोदर स्त्रियाही घेतात, आणि रक्तक्षयाशी त्यांचा संबंध आता अधिक बारकाईने पाहिला जात आहे. त्या औषधांनी बाळाचा संसर्ग टळतो, त्यामुळे ती बंद करण्याचा प्रश्नच नाही. हिमोग्लोबिनवर लक्ष ठेवणे मात्र अधिक गरजेचे ठरते.

कर्करोगावरील औषधांनी अस्थिमज्जा होरपळते तेव्हाही असेच काही घडते. २०२१ मध्ये आयरिनी ट्रोम्पुकी यांच्या गटाला उंदरांत दिसले, की अशा औषधानंतर वाढलेला हा आरएनए एमडीए-५ हे प्रथिन ओळखते आणि रक्तपेशींच्या पुनर्निर्मितीला जोर येतो. एमडीए-५ नसेल तर मूलपेशी सुस्त राहतात.

त्वचेबाबतचा २०२१ चा अभ्यास यास्मिन बेल्काइद यांच्या गटाचा आहे, आणि दुरुस्ती व दाह यांच्यातली रेषा किती पातळ आहे हे त्यातून जितके दिसते तितके दुसरीकडे दिसत नाही. त्वचेवर वस्तीला असलेल्या स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस या निरुपद्रवी जीवाणूमुळे केराटिनोसाइटमधील काही ठरावीक रेट्रोव्हायरस सक्रिय होतात, त्यातून विशिष्ट टी-पेशी (रोगप्रतिकार यंत्रणेतल्या पांढऱ्या पेशी) तयार होतात, आणि त्या जखम भरायला मदत करतात. आरएनएवरून डीएनए बनणे औषधाने रोखले की ही मदत कमी झाली. याउलट उंदरांना मेदयुक्त आहार दिल्यावर तेच रेट्रोव्हायरस जास्त प्रमाणात सक्रिय झाले आणि त्याच जीवाणूमुळे त्वचेला दाह सुटला.

मज्जासंस्थेत बाधक बाजू ठळक आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात मज्जातंतूंवरचे मायेलिन हे आवरण खराब होते; त्यात एचईआरव्ही-डब्ल्यू या दुसऱ्या कुळाचे आवरण-प्रथिन (एन्व्ह जनुकाचे) दाह वाढवते आणि मायेलिन दुरुस्त करणाऱ्या पेशींना अडवते, असे प्रयोगांत दिसले आहे. तरीही मायेलिन तयार होण्यासाठीच मुळात एका रेट्रोव्हायरसजन्य आरएनएची मदत लागते, हे २०२४ मध्ये उंदीरवर्गीय प्राणी, मासे आणि बेडूक यांच्यावरील कामातून पुढे आले. गर्भाची वार घडवणारे सिन्सिटिन हे प्रथिनही अशाच एका आवरण-जनुकापासून बनते.

या क्षेत्रातली मोठी अडचण मोजमापाची आहे. एकाच कुळाच्या शेकडो प्रती जीनोमभर विखुरलेल्या असतात आणि त्यांचे क्रम इतके सारखे असतात, की आरएनएचा छोटा तुकडा नेमका कोणत्या प्रतीचा हे सांगणे कठीण जाते. लांब तुकडे वाचणाऱ्या नव्या पद्धतींनी हे काम सोपे होऊ लागले आहे. दुसरी अडचण अधिक फसवी. भाजल्यानंतर रक्तातील पांढऱ्या पेशींचे प्रमाणच बदलते, आणि निरनिराळ्या पेशींत निरनिराळे रेट्रोव्हायरस आधीपासून कमीअधिक सक्रिय असतात. तेव्हा रक्ताच्या नमुन्यात वाढलेला आरएनए हा पहारा सैल झाल्याचा परिणाम की केवळ पेशींच्या बदललेल्या मिश्रणाचा, हे एकेका पेशीचा आरएनए वाचूनच ठरवता येते.