समुद्र नसला तरी चालतंय: सातारा-सांगलीत मत्स्यव्यवसायाच्या योजनांना अर्ज कसा करायचा, कोण बसतंय, कागदं कुठली

मासेमारीची योजना म्हटलं की आपल्याकडं लोकं लगेच म्हणतात, ते कोकणातल्यांचं, आपल्याला कुठाय समुद्र. अर्धं बरोबर आहे. बोटीची नोंदणी, डिझेलवरच्या व्हॅटचा परतावा, जेट्ट्या, १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी हे सगळं पालघर ते सिंधुदुर्ग किनाऱ्याचं. त्याला १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे आणि किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत राज्य सरकारचं चालतं, त्याच्या पुढं केंद्राचं. पण प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना (केंद्राची मत्स्यव्यवसायाला अनुदान देणारी योजना), मच्छीमारांचा अपघात विमा, बंदीकाळातली मदत आणि किसान क्रेडिट कार्ड ह्या चारही गोष्टी गोड्या पाण्यातल्या माणसालापण आहेत, हे आपल्या दोन जिल्ह्यात बऱ्याच जणांना माहितीच नसतं.

म्हणजे धोम, कण्हेर, उरमोडीवर जाळं टाकणारा, सांगलीत कृष्णेत होडी घालणारा भोई-कोळी समाजातला माणूस, आटपाडी-जतला डाळिंबाच्या शेततळ्यात मासे सोडलेला शेतकरी आणि मिरज-कराडच्या बाजारात पाटी घेऊन बसणारी मावशी, सगळे ह्यात येतात. फक्त प्रत्येकाचं दार वेगळंय आणि चुकीच्या दारात उभं राहिलं की सहा महिने जातात, म्हणून आधी आपण कोण ते ठरवा. मच्छीमार, मत्स्यशेतकरी की विक्रेता.

तिघांनाही पहिलं काम एकच, एनएफडीपीवर नोंदणी. राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल प्लॅटफॉर्म, सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालंय. आधारला लिंक असलेला मोबाईल सोबत पाहिजे कारण ओटीपी त्याच्यावरच येतो, बँक पासबुक पाहिजे, आणि तिथं तुमचा प्रकार निवडायला लागतो. स्वतःच्या मोबाईलवरून होतं, नाही जमलं तर गावातला सीएससी सेंटरवाला, म्हणजे ऑनलाइन सरकारी अर्ज भरून देणारा, करून देतो. ह्यात एक बघा, सेंटरवाला घाईत सगळ्यांना मच्छीमार म्हणून टाकतो, तुमचं शेततळं असेल तर मत्स्यशेतकरी हाच प्रकार आलाय का ते स्क्रीनवर स्वतः वाचा मगच सबमिट करू द्या. झालं की सर्टिफिकेट डाउनलोड करून दोन प्रिंट काढून ठेवा, पुढं सगळीकडं लागते.

आता जे खरोखर जाळ्यावर जगतात त्यांच्यासाठी दुसरी गोष्ट म्हणजे मच्छीमार सहकारी संस्थेचं सभासदत्व. तलाव-धरणाचा मासेमारी ठेका सहसा संस्थेलाच मिळतो, विम्याची आणि मदतीची यादीपण संस्थेकडूनच सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय ह्यांच्या ऑफिसला जाते, आणि संस्था नुसती कागदावर असेल, ऑडिट नाही, सभा नाही, तर सभासद कितीही खरा असला तरी अडकतो. त्यामुळं चेअरमनला विचारायला लाजू नका की ऑडिट झालंय का, यादीत माझं नाव आहे का, आधार नंबर बरोबर पडलाय का. कोयनेचा शिवसागर आणि चांदोलीचा वसंतसागर ही वेगळी भानगड आहे, तो भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीला लागून किंवा हद्दीतच, तिथं वनखात्याचा नियम आधी आणि मत्स्यखातं नंतर.

बंदीकाळातली मदत कशी असते ते सांगतो, कारण त्याबद्दल फार उलटसुलट ऐकायला मिळतं. ही फुकटची पूर्ण रक्कम नाहीये. मच्छीमारानं वर्षभरात स्वतःचे १५०० रुपये भरायचे, सरकार ३००० घालतं आणि मासेमारी बंद किंवा मंद असलेल्या तीन महिन्यात मिळून ४५०० रुपये खात्यावर येतात. पात्रता म्हणजे वय १८ ते ६०, दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब, चालू संस्थेचा सभासद आणि मासेमारी हाच मुख्य धंदा. आपल्याकडं पहिल्या पावसात ओढ्याला चढणीचे मासे येतात, तेच दिवस अंडी घालायचे, म्हणून गोड्या पाण्यातपण हा बंद काळ धरलेला आहे. रक्कम थोडी आहे हे कबूल, १५०० महिन्याला म्हणजे तेल-मीठच, पण यादीत नाव आलं की बाकीच्या योजनांना ओळख तयार होते, तो फायदा मोठा.

सगळ्यात जास्त फोन येतात ते मत्स्यसंपदेच्या अनुदानाबद्दल. योजना सप्टेंबर २०२० ला सुरू झाली, पाच वर्षांची होती, मग २०२५-२६ पर्यंत वाढवली, त्यामुळं अर्ज टाकायच्या आधी ऑफिसात विचारा की ह्या वर्षी आपल्या जिल्ह्याला कुठल्या घटकाचं टार्गेट आहे, सगळे घटक सगळ्या वर्षी उघडे नसतात. अनुदान सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातीला ६० टक्के. पण टक्के कशाचे ते नीट समजून घ्या. तुमच्या खर्चाचे नाहीत, सरकारनं ठरवलेल्या प्रकल्प किमतीचे. नवीन तलाव खोदायला हेक्टरी ७ लाख धरलेत, म्हणजे जास्तीत जास्त २ लाख ८० हजार किंवा महिलेला ४ लाख २० हजार, तुम्ही १२ लाख घातले तरी तेवढंच. एका माणसाला २ हेक्टरपर्यंतच. धरणात मासे वाढवायच्या जाळीच्या पिंजऱ्याला, एका पिंजऱ्यामागं ३ लाख किंमत धरतात. बाजारात बसणाऱ्या मावशीसाठी बर्फाच्या पेटीसकट मोटारसायकल आहे, किंमत ७५ हजार, तिला ४५ हजार मिळतात, पेटीची तीनचाकीपण आहे ३ लाखाची. हा विक्रीचा घटक आपल्याकडं कुणी फारसा मागत नाही आणि माझ्या मते त्यालाच सगळ्यात कमी डोकेदुखी आहे, ना सातबारा ना पाणी ना जमीन.

कागदं सांगतो. आधार, पॅन, आधार लिंक असलेलं पासबुक, फोटो, एनएफडीपीचं सर्टिफिकेट हे सगळ्यांना. अनुसूचित जाती-जमाती असेल तर जातीचा दाखला. तलाव किंवा शेततळं असेल तर चालू सातबारा आणि आठ-अ, जमीन दुसऱ्याची असेल तर रजिस्टर्ड भाडेकरार, नुसता शंभरच्या स्टँपवर लिहून घेतलेला चालत नाही. सातबारावर चार भाऊ असतील तर तिघांची संमती आधीच घेऊन ठेवा, निम्मे अर्ज इथंच पडून राहतात, एक भाऊ पुण्यात, एक मुंबईला, सही कोण आणणार. त्याशिवाय प्रकल्प अहवाल, जीएसटी नंबर असलेली कोटेशनं, पाण्याचा स्रोत दाखवणारा कागद, आणि मत्स्यपालनाचं ट्रेनिंग केलं असेल तर त्याचं सर्टिफिकेट. तलावाला बायकोच्या नावावर ६० टक्के घ्यायचे असतील तर तिचं नाव सातबारावर पाहिजे आणि पैसे तिच्याच खात्यावर येणार, हे घरात आधी बोलून घ्या.

अर्ज, छाननी, जागेची पाहणी, मग जिल्हा समितीची मंजुरी, असा क्रम असतो. पूर्वसंमतीचं पत्र हातात यायच्या आधी जेसीबी लावू नका. आधी खोदलेल्या तळ्याला नवीन तलावाचं अनुदान बसत नाही आणि मग लोकं ऑफिसला शिव्या घालतात. काम झालं की जिओटॅग फोटो (जागेचं लोकेशन नोंदलेला फोटो), बिलं, पुन्हा पाहणी आणि मग हप्ता. म्हणजे पहिला पैसा तुमचाच लागतो. आणि शेततळं खोदायचंच अनुदान पाहिजे असेल तर ते कृषी खात्याकडं, महाडीबीटी ह्या राज्याच्या पोर्टलवर, तो रस्ता वेगळा.

दुष्काळी भागातल्या शेततळ्यावाल्यांना अजून एक. कागद सगळा बरोबर असला तरी पाहणीला आलेला माणूस विचारणार, एप्रिल-मेमध्ये तळ्यात पाणी किती राहतं. बागेला पाणी काढून काढून तळाचा प्लास्टिक कागद दिसायला लागत असेल तर रोहू-कटला किलोभर व्हायच्या आधीच काढायला लागतील. खरं सांगा, कमी पाण्यात कमी बी (माशांची पिल्लं) सोडायचा प्लॅन लिहा, तो जास्त पटतो.

खेळतं भांडवल पाहिजे, म्हणजे बी, खाद्य, ठेक्याची रक्कम, तर किसान क्रेडिट कार्ड. मासेवाल्यांना २ लाखापर्यंत ७ टक्क्यानं, वेळेत फेडलं तर ३ टक्के सूट म्हणजे ४ टक्केच पडतं. जानेवारी २०२५ पासून २ लाखापर्यंत तारण मागायचं नाही असं रिझर्व्ह बँकेचं आहे, आणि पूर्ण अर्ज आल्यावर १४ दिवसात निर्णय द्यायला पाहिजे. तरीपण काउंटरवर, मासे म्हणजे शेती नाही, हे ऐकायला मिळतं. एप्रिल २०२५ ला राज्य मंत्रिमंडळानं मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिलाय, त्या शासन निर्णयाची प्रिंट घेऊन जा आणि अर्जाची पोच तारखेसकट मागा. पोच मागितली की बोलणं बदलतं.

विम्याला एक रुपया भरायचा नाही, हप्ता केंद्र-राज्य मिळून भरतं. वय १८ ते ७०, अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख, अंशतः कायमचं अपंगत्व असेल तर अडीच लाख, दवाखान्याला २५ हजारापर्यंत. नदीत बुडून गेलेल्या माणसाच्या घरचे पहिल्या दोन दिवसात कागदाचं बघायच्या मनस्थितीत नसतात, म्हणून संस्थेच्या कुणीतरी लक्ष घालून पोलिसात नोंद आणि पोस्टमॉर्टेम झालंय ना ते बघावं, कारण ते दोन कागद नंतर तयार करता येत नाहीत. बाकी मृत्यूचा दाखला, वारसाचं आधार-पासबुक, संस्थेचं पत्र हे नंतरही जमतं. आणि माणूस यादीत असायला पाहिजे, हे परत सांगतो.

बी घेताना ओळखीच्या सरकारी किंवा नोंदणी असलेल्या केंद्रातूनच घ्या आणि पावती ठेवा, पावती नसली तर त्या बिलाचं अनुदान निघत नाही. थायलंड मांगूर हा मासा स्वस्त मिळतो, कमी पाण्यात जगतो, म्हणून कोणतरी गळ्यात मारतो, पण त्याच्या पालनावर बंदी आहे आणि सापडला तर खातं तळ्यातले सगळे मासे नष्ट करायला लावतं, खर्च तुमचाच.