‘फुल फ्रेम’चा घोळ नेमका कुठून आला

फारसे कुणाला आठवत नसलेले पन्नासच्या दशकातले हॉलिवूडचे ड्रामा सिनेमे जमवणाऱ्यांत एक भांडण कायम चालू असतं, कुणाची कॉपी पूर्ण आणि कुणाची कापलेली. त्याचं मूळ १९५३ सालात आहे. तोवर हॉलिवूडची फ्रेम जवळपास चौकोनी, १.३७:१, म्हणजे रुंदी उंचीच्या १.३७ पट. टीव्हीमुळे प्रेक्षक घरी बसायला लागले आणि स्टुडिओंनी रुंद पडद्याचा धडाका लावला. सिनेमास्कोप या रुंद चित्राच्या पद्धतीला खास लेन्स लागायची, छोट्या कृष्णधवल ड्रामावर तेवढा खर्च कोण करणार, मग फिल्मवर पूर्ण फ्रेम शूट करायची आणि थिएटरात प्रोजेक्टरमध्ये कापलेली प्लेट बसवून वरचा-खालचा भाग झाकायचा, कुठे १.६६, कुठे १.८५.

पुढे हेच सिनेमे टीव्हीवर गेले १६ एमएमच्या, म्हणजे अरुंद फिल्मवरच्या, प्रिंटवर. टीव्ही १.३३, त्यामुळे झाकलेलं सगळं उघडं पडलं, हेच ते ‘फुल फ्रेम’. संग्राहकांच्या हाती बऱ्याचदा याच प्रिंट आल्या, व्हीएचएसवरही तसंच चित्र, आणि लोकांना वाटायला लागलं की हाच मूळ सिनेमा. मग डिस्कवर रुंद चित्र आलं की ‘कापला, कापला’ म्हणून ओरड.

मला ही ओरड बहुतेक वेळा चुकीची वाटते. दोघं टेबलाशी बसलेत, डोक्यावर हातभर रिकामी भिंत, मधेच वरून माइक डोकावतो, ही फ्रेम कुणी रचलेली नाही, ती नुसती राहून गेलेली आहे. वरचं-खालचं झाका, त्या दोघांमधलं अंतर लगेच बोलायला लागतं.

पण एक अपवाद आहे आणि तो फार महत्त्वाचा. १९५३ च्या आधी शूट झालेले काही सिनेमे त्यानंतर रिलीज झाले आणि तेही थिएटरात झाकूनच दाखवले. ते पूर्ण फ्रेमसाठीच रचलेले, त्यामुळे तिथे खरंच कपाळं आणि हनुवट्या जातात, म्हणजे अन्यायच. म्हणून रिलीजचं नाही, शूटिंगचं साल बघायचं.

प्रिंटवरून ते कळत नाही. कोडॅकच्या फिल्मच्या कडेला गोल, चौकोन, त्रिकोण अशा खुणा असतात, त्यावरून ती फिल्म कधी बनली एवढंच समजतं, आणि त्या खुणाही २० वर्षांनी परत त्याच येतात, शिवाय निगेटिव्हवरची खूण प्रिंटवर उतरलेली असली तर दोन साल एकाच पट्टीवर दिसतात. डबा उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला तर मात्र खुणा वाचत बसू नका, ॲसिटेट, म्हणजे फिल्मची प्लास्टिकची पट्टी, सडायला लागलंय, आधी ती प्रिंट बाकीच्यांपासून वेगळी काढा आणि स्कॅन करून घ्या, पूर्ण फ्रेम, झाकायचं नंतर बघू.