पाण्याखालचा व्हिडिओ आणि माशांची मोजणी: एका आकड्याची पार्श्वभूमी

पाण्याखाली कॅमेरा उतरवणे जुनेच. १९५१ मध्ये इंग्लिश खाडीत बुडालेल्या ब्रिटिश पाणबुडीची ओळख टीव्ही कॅमेऱ्यानेच पटली होती. किनाऱ्यालगतच्या माशांची पद्धतशीर गणती व्हिडिओवरून होऊ लागली ती मात्र १९९० च्या दशकात, आणि आजचे बहुतेक वाद त्याच दशकातल्या एका निर्णयातून निघाले आहेत.

हवाई बेटांजवळ स्नॅपर माशांची पिल्ले पाणबुड्यांच्या, म्हणजे पाण्यात बुडी मारून मासे मोजणाऱ्या माणसांच्या, आवाक्याबाहेरच्या खोलीवर वाढतात. तिथे आमिष लावलेला कॅमेरा तळाशी सोडला गेला. येणारे मासे कसे मोजायचे, हा प्रश्न लगेच उभा राहिला. एकच मासा आमिषाभोवती दहा वेळा फिरतो, चौकटीबाहेर जातो, पुन्हा येतो. प्रत्येक वेळी मोजला तर एकाचे दहा होतात. म्हणून संपूर्ण चित्रफितीत एका क्षणी, एकाच चौकटीत त्या जातीचे जास्तीत जास्त जितके मासे दिसले, तोच आकडा धरायचा असे ठरले. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात तो आकडा लाँगलाइनच्या, म्हणजे अनेक गळ लावलेल्या लांब दोरीच्या, पकडीशी जुळता निघाला. पुढे त्याचे नाव ‘मॅक्सएन’ असे रूढ झाले.

पद्धतीला बळ आले ते न्यूझीलंडमधल्या ली इथल्या सागरी राखीव क्षेत्रात. तिथले स्नॅपर माणसांना सरावलेले होते आणि पाणबुड्याजवळ येत. राखीव क्षेत्राबाहेरचे मासे मात्र पाणबुड्याला पाहून पळत. साहजिकच पाणबुड्यांच्या मोजणीत आतबाहेरचा फरक संख्येचा किती आणि वागणुकीचा किती, हे सांगता येत नव्हते. कॅमेऱ्यामुळे माणूस बाजूला झाला. २००३ मधल्या निष्कर्षानुसार, पकडण्याजोग्या आकाराच्या स्नॅपरची घनता उत्तर न्यूझीलंडच्या राखीव क्षेत्रांत बाहेरच्या चौदापट होती. मासेमारी थांबवल्याचा परिणाम इतका ठळकपणे क्वचितच मांडला गेला आहे.

मॅक्सएनच्या बाजूचा युक्तिवाद आजही पटण्यासारखा आहे. तो आकडा कधीही खऱ्यापेक्षा मोठा नसतो. निदान एवढे मासे तिथे होतेच, असे ठामपणे म्हणता येते. पण आमिषाभोवती गर्दी वाढली की चौकट भरते आणि मासे एकमेकांआड जातात. पन्नासांऐवजी शंभर मासे आले तरी आकडा दुप्पट होत नाही. राखीव क्षेत्राचा फायदा दाखवायचा असेल, तर ही चूक सावधपणाच्या बाजूची आहे, कारण फायदा असतो त्याहून कमीच दिसतो. साठा घटतो आहे का, हे पाहायचे असेल तेव्हा मात्र तीच चूक उलटते. मासे निम्म्यावर आले तरी आकडा थोडाच उतरतो आणि इशारा उशिरा मिळतो. हा फरक फार महत्त्वाचा आहे, आणि व्यवस्थापनाच्या अहवालांत तो स्पष्ट लिहिलेला असायलाच हवा.

२०१४ च्या सुमारास पर्याय पुढे आला: ठरावीक अंतराने अनेक चौकटी निवडून त्यांची सरासरी काढायची. ही सरासरी खऱ्या संख्येशी अधिक सरळ प्रमाणात चालते. पण तुरळक दिसणाऱ्या जातींच्या वाट्याला शून्येच शून्ये येतात. जुन्या नोंदींशी तुलना तुटते, हा व्यावहारिक अडथळा वेगळाच. त्यामुळे मॅक्सएन टिकून राहिला.

दरम्यान ऑस्ट्रेलियात पद्धतीला तिचे आजचे रूप आले. दोन कॅमेरे किंचित आतल्या बाजूला वळवून बसवले की माशाची लांबी मोजता येते, आणि लांबीवरून वजनाचा अंदाज बांधता येतो. तारलीच्या कुळातले तेलकट मासे जाळीच्या पिशवीत ठेचून ठेवायचे आणि तासभर चित्रण करायचे, हा प्रघात पडला. ग्रेट बॅरिअर रीफच्या प्रवाळांमधल्या तळावर ट्रॉलशी, म्हणजे तळावरून ओढायच्या जाळ्याशी, तुलना झाली, तेव्हा जाळ्यात तळाला चिकटून राहणारे लहान मासे अधिक आले, तर कॅमेऱ्यासमोर मोठे, फिरते मासे अधिक. कोणतेही एक साधन पुरेसे नाही, हे तिथे उघड झाले. आमिषाचा वास प्रवाहाबरोबर किती दूर जातो हे बदलत असल्याने, किती क्षेत्रातले मासे मोजले हा प्रश्नही पूर्ण सुटलेला नाही.

स्वस्त, छोटे कॅमेरे आल्यावर व्याप्ती झपाट्याने वाढली. २०२० मध्ये ५८ देशांतल्या ३७१ प्रवाळभित्तींवरच्या चित्रणाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: जवळजवळ २० टक्के भित्तींवर एकही शार्क दिसला नाही.

अधिवासाची नोंद मात्र बराच काळ दुय्यम राहिली. त्याच चौकटीत वाळू, खडक, समुद्री गवत, प्रवाळ दिसत असतात, पण मोजणारे माशांकडे पाहत होते. आता तळाचे वर्गीकरण करणे मानक कार्यपद्धतीत आले आहे. मूळ चित्रण जपले असेल तर जुन्या ठिकाणांचा तळही नव्याने तपासता येतो आणि संगणकाकडून प्रत्येक चौकट मोजून घेऊन मॅक्सएन व सरासरी दोन्ही काढता येतात. गढूळ पाण्यावर मात्र अजून उत्तर नाही. कोकणच्या नदीमुखांसारख्या ठिकाणी पावसाळ्यात कॅमेऱ्याला हातभर अंतरावरचेही दिसणे कठीण असते, आणि तिथे जाळे व गळ यांच्या नोंदींवरच भिस्त ठेवावी लागते.