पार्श्वभूमी : परवाना पणजीचा, श्रोता गोव्याचा

पणजीहून मडगाव, कुंकळ्ळी, बाळ्ळी करत गाडी काणकोणच्या दिशेने निघाली की करमळ घाटात एफएमची खरखर वाढू लागते. घाट उतरेपर्यंत पणजीची केंद्रे जवळजवळ हातची गेलेली असतात आणि थोड्या वेळाने कारवारचे केंद्र लागते. वाळपईच्या पलीकडे, सह्याद्रीला टेकलेल्या वाड्यांवरही तीच गत. या क्षेत्रात काम केलेल्या माणसाला गोव्यात एक वाक्य हमखास ऐकावे लागते : ‘यांची पॉवरच कमी आहे.’ तक्रार खरी आहे, कारण मात्र वेगळे आहे. ते समजायचे तर अँटेना कुठे, किती उंचीवर आणि कोणाकोणासाठी मिळून बसवायची हे कसे ठरत गेले ते पाहावे लागते.

गोव्याला रेडिओ नवा नाही. पोर्तुगीज राजवटीतले केंद्र १९४६ सालचे. २५ नोव्हेंबर १९५५ पासून सीमेलगतच्या जंगलातून, आधी आंबोली आणि मग कॅसलरॉकच्या परिसरातून, एका तरुण जोडीने मुक्तीचा गुप्त आवाज सहा वर्षे चालू ठेवला. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाच्या हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र उडवले आणि ९ जानेवारी १९६२ पासून पणजीतून भारताची नभोवाणी सुरू झाली. त्या दिवसांबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. इथे मुद्दा एवढाच की त्या काळाने आपल्याला ‘टॉवर’ हा शब्द दिला आणि तो एफएमच्या काळात गोंधळाचा ठरला.

मध्यम लहरींच्या (मीडियम वेव्ह) प्रक्षेपणात उभा मनोरा हाच अँटेना असतो. पणजीची जुनी वाहिनी १२८७ किलोहर्ट्झवर लागते. तिची लहर सुमारे २३३ मीटर लांब, म्हणजे चौथाई लहरीसाठी ५८ मीटर उंच लोखंड लागते. ते जमिनीपासून चिनी मातीच्या इन्सुलेटरवर अलग उभे करून त्यालाच वीज देतात. एफएमचे उलट आहे. १०० मेगाहर्ट्झच्या आसपास लहर अवघी ३ मीटरची, त्यामुळे अर्ध्या लहरीचा डायपोल, म्हणजे लहर सोडणारा दांडा, दीड मीटरचा. खाली ६० मीटरचा मनोरा असो की १०० मीटरचा, तो फक्त घडवंची. खरी अँटेना वरच्या काही मीटरांत. तरीही गावोगाव विचारतात, ‘टॉवर किती मोठा आहे?’ विचारायला हवे ते हे : मनोऱ्यावर अँटेना कोणत्या उंचीला आहे आणि आजूबाजूच्या सड्यांपेक्षा, म्हणजे कातळी पठारांपेक्षा, ती किती वर निघते?

देशात एफएम १९७७ साली मद्रासला आले. गोव्यात त्याची चर्चा सुरू झाली ती १९९३ नंतर, सरकारी एफएमवरचे तास खासगी निर्मात्यांना विकले जाऊ लागले आणि त्या यादीत मोठ्या महानगरांबरोबर गोवाही होता तेव्हा. अँटेना सरकारी, प्रक्षेपक सरकारी, आवाज तेवढा खासगी. १९९५ च्या न्यायालयीन निकालाने हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता ठरवली. १९९८ मध्ये तासविक्रीचे करार संपले. २००० साली खासगी एफएमचा पहिला टप्पा आला. त्याच्या लिलावात परवाना शुल्क दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढणार होते, त्या ओझ्याखाली कित्येकांनी केंद्र सुरूच केले नाही. मग जुलै २००५ मध्ये दुसऱ्या टप्प्याचे धोरण आले. ठरीव शुल्काच्या जागी उत्पन्नातला ४ टक्के वाटा आला. गोव्याच्या हवेत पूर्णवेळ खासगी केंद्रे आली ती या धोरणामुळे : ९१.९, ९२.७ आणि ९८.३ मेगाहर्ट्झ.

शुल्काबद्दल पुष्कळ लिहिले गेले. त्याच धोरणातली दुसरी अट मात्र बातम्यांत फारशी आली नाही, आणि माझ्या मते श्रोत्यावर जास्त परिणाम तिचा झाला. एका शहरातल्या सर्व खासगी केंद्रांनी एकाच मनोऱ्यावर, एकाच सामाईक अँटेनातून प्रक्षेपण करायचे. मनोरा शक्यतो सरकारी नभोवाणीचा किंवा दूरचित्रवाणीचा, जोडणी करणारी यंत्रणाही एकच, खर्च सगळ्यांत वाटून. याला ‘सहस्थापना’ म्हणतात. तशी अट पहिल्या टप्प्यातही होती, पण महानगरांत ती वेळेत जमली नाही आणि तात्पुरत्या स्वतंत्र उभारणीला मुभा द्यावी लागली होती. २००५ च्या धोरणाने ती पुन्हा बंधनकारक केली.

विरोध जोरदार झाला. एकेका केंद्राचे म्हणणे साधे होते : आम्ही आमची छोटी अँटेना एखाद्या उंच इमारतीवर चार महिन्यांत बसवू, दुसऱ्यांच्या सह्या आणि हप्ते येईपर्यंत का थांबू? तक्रारीत तथ्य होते. सामाईक खात्यात एकाचा हप्ता अडला की तिघांचे काम अडते. जुन्या मनोऱ्याचा माथा सहसा दूरचित्रवाणीच्या अँटेनाने व्यापलेला, त्यामुळे एफएमच्या वाट्याला खालचा पट्टा येतो. आणि एकदा अँटेना चढली की दुरुस्तीसाठी वर माणूस पाठवायचा तर सर्व केंद्रे बंद करावी लागतात, म्हणजे काम मध्यरात्रीनंतर, हेल्मेटवरच्या दिव्याच्या उजेडात.

तरी अट योग्यच होती, आणि गोव्यात ती अधिकच योग्य होती. एवढ्याशा पणजीत, वारसा घरांच्या कौलांवर आणि टेकड्यांच्या माथ्यावर तीन-चार नवे मनोरे उभे राहिले असते, हा झाला नजरेचा भाग. खरा धोका लहरींच्या मिश्रणाचा. दोन प्रक्षेपक जवळ असले आणि एकाची शक्ती दुसऱ्याच्या अँटेनातून आत शिरली की तिसऱ्याच ठिकाणी नको असलेले आवाज जन्मतात. त्यांचे गणित शाळकरी आहे : एकाची दुप्पट, वजा दुसरा. ९१.९ आणि ९२.७ यांच्यात फक्त ०.८ मेगाहर्ट्झचे अंतर, त्यांची अपत्ये ९१.१ आणि ९३.५ वर पडतात. तिथे दुसरे केंद्र नसेल तर फार बिघडत नाही. पण सरकारी एफएम १०५.४ वर आहे. त्याच्या दुपटीतून ९८.३ वजा केले की ११२.५ उरतात, आणि १०८ ते ११८ मेगाहर्ट्झचा पट्टा विमानांना दिशा दाखवणाऱ्या यंत्रणांचा आहे. ९२.७ वजा केले तर ११८.१, तिथे वैमानिक आणि नियंत्रण कक्ष यांचे बोलणे चालते. मांडवी-झुवारीच्या पलीकडे दाबोळीचा विमानतळ आहे हे ज्याच्या डोळ्यासमोर आहे, तो स्वतंत्र छपरांवरच्या स्वतंत्र अँटेनांचा आग्रह धरणार नाही. सामाईक मांडणीत प्रत्येक प्रक्षेपकाची वाट पिंपाएवढ्या फिल्टरांतून जाते, कंबाइनरमध्ये सगळे एकत्र येतात आणि एकच जाड केबल वर चढते. मिश्रण होण्याआधीच अडवले जाते.

चुकले ते दुसरीकडे. परवाना ‘पणजी’ या शहराचा होता. शहराच्या लोकसंख्येवरून वर्ग, वर्गावरून शक्तीची कमाल मर्यादा : लहान शहरांच्या वर्गांत ती ३ किंवा १० किलोवॅट. पण गोव्यात पणजी म्हणून वेगळा श्रोता नाही. सकाळी डिचोलीहून निघालेला कारकून, फोंड्याचा पुरोहित, वास्कोचा बंदर कामगार, पेडण्याची शिक्षिका, सगळे एकाच केंद्राला ‘गोव्याचे केंद्र’ म्हणतात. नियमाने शहर मोजले, भूगोल मोजला नाही. अँटेना कुठे ठेवली तर करमळच्या पलीकडे आणि वाळपईकडच्या सत्तरीच्या दऱ्यांत आवाज पोचेल, हा प्रश्न परवान्याच्या कागदावर नव्हताच.

आता ‘किलोवॅट’ या शब्दाकडे वळू, कारण मर्यादेचा तो आकडा प्रक्षेपकाचा नसतो. तो अँटेनातून क्षितिजाकडे प्रत्यक्ष निघणाऱ्या परिणामी शक्तीचा असतो. समजा प्रक्षेपक ५ किलोवॅटचा आहे. १ ५/८ इंची केबलच्या १०० मीटरांत सुमारे १५ टक्के शक्ती उष्णतेत जाते, उरले सव्वाचार. कंबाइनर आणखी दहाएक टक्के खातो, राहिले साधारण ३.८. चक्राकार ध्रुवणाच्या अँटेनात ही शक्ती आडव्या आणि उभ्या अशा दोन पातळ्यांत विभागली जाते. घरातल्या संचाची काडी कशीही कललेली असते आणि गाडीची सहसा उभी, दोघांनाही पुरवायचे म्हणून ही विभागणी. अशा अँटेनाच्या एकावर एक दोन बे, म्हणजे दोन थर, लावल्या तर वाढ आणि विभागणी यांची फिटंफाट होऊन ३.८ च राहतात. चार बे लावल्या तर साधारण २.१ पट, म्हणजे ८ किलोवॅट. आठ लावल्या तर ४.४ पट, जवळजवळ १७. प्रक्षेपक तोच.

मग आठच का लावत नाहीत? एकतर मर्यादा ओलांडली जाते. दुसरे म्हणजे बे वाढल्या की झोत चपटा होतो, दूरवर पोचतो आणि मनोऱ्याच्या पायथ्याचा परिसर कोरडा पडतो. त्यात बे पूर्ण लहरीच्या अंतराने लावल्या तर थोडी शक्ती सरळ खालीही उतरते. वस्तीतल्या टेकडीवर मनोरा असेल तर हा विचार टाळता येत नाही, तिथे अंतर अर्ध्या लहरीचे घेणे बरे. आणि शक्तीपेक्षा उंचीच जास्त देते. अँटेना भोवतालापेक्षा ४० मीटर वर असेल तर रेडिओचे क्षितिज सुमारे २६ किलोमीटरवर, १०० मीटर असेल तर ४१ वर. काणकोण पणजीहून सरळ रेषेत ५५ किलोमीटरच्या पुढे आहे आणि मध्ये डोंगर आहे. शक्ती दुप्पट केली तरी डोंगर हटत नाही.

जोडणीचे काम मी पाहिले ते २००६ च्या पावसाळ्यानंतर. गोव्यात मनोऱ्यावर चढायचे दिवस नोव्हेंबर ते मे. एप्रिल-मे मध्ये दुपारी लोखंडाला हात लागत नाही आणि वळवाच्या विजा सुरू झाल्या की काम थांबवावेच लागते. प्रत्येक डायपोल आधी खाली जमिनीवर जोडून, क्रमांक घालून, वरची बाजू रंगाने खुणावून ठेवतात. ही खूण सजावटीची नाही. एक बे उलटी लागली तर तिची लहर बाकीच्यांच्या विरुद्ध निघते आणि त्यांचीच शक्ती खाऊन टाकते. शक्ती वाटून देणाऱ्या विभाजकापासून प्रत्येक बेपर्यंतच्या केबली एकाच मापाच्या हव्यात, जास्तीची लांबी कापायचा मोह आवरायचा. कप्पी, वायररोप, विंच आणि खालून लगामासारखा धरलेला दोर. तो दोर धरणारा माणूस वरच्याइतकाच महत्त्वाचा, कारण वाऱ्यात फिरलेला डायपोल मनोऱ्यावर आपटला की संपले.

पहिल्याच जूनमध्ये एका ठिकाणी परावर्तन, म्हणजे अँटेनाकडून उलट परतणारी शक्ती, वाढू लागले. दुपारच्या सरीनंतर त्याचे माप, एसडब्ल्यूआर (१ म्हणजे काहीच परतत नाही), १.१ वरून १.४ वर जाई, रात्री उतरे, सकाळी पुन्हा ठीक. दोन आठवडे प्रक्षेपकावर संशय घेण्यात गेले. शेवटी उघडीप मिळताच वर जाऊन पाहिले तर एका जोडावर नुसती काळी पीव्हीसी टेप होती, आतली रबरी, स्वतःला चिकटणारी टेप घातलीच नव्हती. आत पाणी आणि तांब्यावर हिरवी बुरशी. ती टेप गुंडाळणाऱ्या मुलाला कोणी शिकवले नव्हते, आणि जोडणीचे पैसे वेळेत संपवायच्या घाईत ते तपासायला कोणी चढले नव्हते. मी खालीच उभा होतो, हे आजही डाचते.

दुसरी अडचण जमिनीतली. सड्यावरचा जांभा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत होतो आणि वीज जमिनीत उतरू देत नाही. शेजारच्या राज्यातल्या काळ्या मातीत दोन खड्ड्यांत होणारे अर्थिंग इथे सहा-आठ खड्डे, कोळसा, मीठ आणि मेमध्ये रोजचे पाणी मागते. केबलचे आवरण मनोऱ्याच्या माथ्याला, पायथ्याला आणि खोलीत शिरण्याआधी अशा तीन ठिकाणी जमिनीला जोडावे लागते. खाऱ्या वाऱ्यासाठी सगळे लोखंड गरम जस्तात बुडवलेले हवे, साध्या रंगावर भागत नाही.

त्यानंतर बरेच घडले. नोव्हेंबर २००६ मध्ये सामुदायिक रेडिओ स्वयंसेवी संस्थांना खुला झाला : परिणामी शक्ती १०० वॅट, अँटेना जमिनीपासून ३० मीटरपर्यंत. दरीतल्या गावाला स्वतःचा आवाज देणारा हा सर्वांत स्वस्त मार्ग. २०११ चे तिसऱ्या टप्प्याचे धोरण आणि २०१५ चा लिलाव यांनी परवान्याची मुदत १५ वर्षांची केली, सहस्थापना मात्र तशीच ठेवली. मे २०२१ च्या तौक्ते वादळात झाडे विजेच्या तारांवर कोसळली, अनेक गावे अंधारात गेली, आणि सेलवर चालणारा संच ज्यांच्या घरात उरला होता त्यांना त्याची किंमत कळली. एप्रिल २०२३ मध्ये मोबाइल उत्पादकांना फोनमधला एफएम बंद ठेवू नका अशी सूचना गेली. त्यातही अँटेनाचाच प्रश्न आहे : फोनमध्ये अँटेना म्हणून काम करते ती इअरफोनची वायर, आणि नव्या फोनना ती खोचायचे भोकच नसते.

काणकोणच्या श्रोत्यासाठी उपाय ठाऊक आहे : करमळच्या दक्षिणेला, घाटाची ओळ टाळून, कमी शक्तीचे पुनःप्रक्षेपण केंद्र. त्याला नवा शोध लागत नाही. दोन बे, तीसेक मीटर उंची आणि परवान्यात ‘पणजी’ऐवजी ‘गोवा’ असा एक शब्द लागतो.